आधी नाकाला कळले, मग छातीला

झेरॉक्सच्या छोट्याशा, दार लावलेल्या दुकानात दोन-तीनशे पानांची प्रत निघेपर्यंत उभे राहिलात, तर एक वास नाकात शिरतो. किंचित तिखट, थोडा धातूसारखा. जुन्या इलेक्ट्रिक मोटारीतून ठिणग्या उडू लागल्या किंवा जवळपास वीज कोसळली, तरी तोच वास येतो. पहिल्या सरीनंतर मातीतून उठणाऱ्या सुगंधाशी याची गल्लत करू नका. तो वास हवाहवासा असतो, हा वास आला की माणूस नकळत श्वास आखडता घेतो. हा वास ओझोनचा. ज्यांनी तो ओळखला, त्याला नाव दिले आणि आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे त्याच्यामागे घालवली, त्या क्रिस्टियान फ्रीड्रिख शोनबाइन यांची ही गोष्ट. पाठ्यपुस्तकात त्यांच्या वाट्याला एकच ओळ येते : ओझोनचा शोध लावला. हा वायू निरोगी माणसाच्या छातीत गेला तर काय होते, याचीही नोंद त्यांनी करून ठेवली होती, हे त्या ओळीत नसते. आणि ती छाती त्यांची स्वतःचीच होती.

दक्षिण जर्मनीतल्या व्युर्टेंबर्ग राज्यात मेट्झिंगेन नावाचे गाव आहे. तिथे १८ ऑक्टोबर १७९९ रोजी एका रंगाऱ्याच्या घरी हा मुलगा जन्मला. भावंडांत थोरला. रंगाऱ्याच्या घरात तुरटी, आम्ले, रंग यांची ओळख मुलांना बोलायला लागल्यापासूनच होते. पण घरची परिस्थिती अशी की शाळा फार काळ परवडणारी नव्हती. वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी त्याची रवानगी ब्योब्लिंगेन इथल्या औषधे आणि रसायने बनवणाऱ्या कारखान्यात उमेदवार म्हणून झाली. दिवसा भट्ट्या आणि बाटल्या, रात्री पुस्तके. फ्रेंच, इंग्रजी, गणित, तत्त्वज्ञान असे जे हाती लागेल ते तो स्वतःच शिकत गेला. पुढे एर्लांगेन आणि ट्युबिंगेनच्या विद्यापीठांत त्याने व्याख्याने ऐकली, पण विद्यार्थी म्हणून नेटाने परीक्षा देत पदवीपर्यंत पोचण्याचा सरळ रस्ता त्याच्या नशिबी नव्हता.

मग काही वर्षे मास्तरकी. फ्रोबेल यांनी कायलहाउ इथे काढलेल्या शाळेत शिकवले. हे तेच फ्रोबेल, ज्यांच्यामुळे आपल्याकडेही बालवाडीला किंडरगार्टन म्हणण्याची पद्धत पडली. नंतर इंग्लंडमध्ये एप्सम इथल्या शाळेत शिकवले, पॅरिसमध्ये मोठ्या शास्त्रज्ञांची व्याख्याने ऐकली. १८२८ साली स्वित्झर्लंडमधल्या बासल विद्यापीठातले पीटर मेरियन आजारी पडले आणि त्यांच्या जागी तात्पुरते शिकवायला कुणीतरी हवे होते, म्हणून शोनबाइन यांना बोलावणे आले. ऱ्हाइन नदीच्या काठचे हे शहर. तात्पुरते आलेले शोनबाइन तिथेच रमले, १८३५ मध्ये प्राध्यापक झाले, त्याच वर्षी लग्न झाले, चार मुली झाल्या. बासल त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही.

त्यांच्या प्रयोगशाळेत भारी उपकरणे नव्हती आणि मोठमोठ्या गणितांचा त्यांना सोसही नव्हता. बरण्या, काचनळ्या, धातूच्या तारा, विजेची बॅटरी आणि स्वतःची इंद्रिये एवढ्यावर त्यांचे काम चाले. तीव्र नायट्रिक आम्लात बुडवलेले लोखंड अचानक निष्क्रिय का होते, या कोड्यावर १८३६ मध्ये त्यांनी लंडनला मायकेल फॅरडे यांना पत्र लिहिले. त्यातून सुरू झालेला पत्रव्यवहार पंचवीसहून अधिक वर्षे चालला. दोघेही गरीब घरातून वर आलेले, दोघेही हाताने प्रयोग करणारे. ही पत्रे पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांत आम्ले आणि वायूंइतकीच घरच्या मंडळींची चौकशीही होती. याच काळात शोनबाइन यांनी हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यापासून वीज मिळते हेही पाहिले. आजच्या फ्युएल सेलचे बीज ते. पण ती वेगळी गोष्ट आहे.

१८३९ साली ते विजेच्या साहाय्याने पाण्याचे विघटन करत होते. एका टोकाशी हायड्रोजन, दुसऱ्या टोकाशी ऑक्सिजन, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असलेले प्रकरण. ऑक्सिजन निघतो त्या बाजूला मात्र विचित्र वास येत होता. हा वास त्यांना ओळखीचा वाटला. विजेच्या यंत्रातून ठिणगी उडते तेव्हा येणारा तोच वास. तो वास त्यांच्याआधीही लोकांना आला होता. हॉलंडच्या मार्टिन व्हान मारूम यांनी १७८५ मध्येच आपल्या प्रचंड विद्युतयंत्राभोवती तो नोंदवला होता आणि तो विजेचाच वास आहे असे म्हणून विषय सोडून दिला होता. शोनबाइन यांनी तो सोडला नाही. वास बाटलीत कोंडून ठेवता येतो, म्हणजे तो वस्तूचा असला पाहिजे, विजेचा नव्हे, असे त्यांनी धरले. सोने किंवा प्लॅटिनमच्या तारा वापरल्या तरच तो येतो, तापवला तर जातो, कोळशाची पूड टाकली तर नाहीसा होतो. एवढे गुणधर्म असलेली गोष्ट म्हणजे पदार्थच. मार्च १८३९ मध्ये त्यांनी बासलच्या विज्ञानमंडळापुढे हे मांडले. पुढच्या वर्षी त्याला नाव दिले ओझोन. वास येणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून घेतलेले हे नाव त्यांना बासलमधले ग्रीक भाषेचे प्राध्यापक व्हिशर यांनी सुचवले होते.

नाव मिळाले, पण तो आहे काय हे कळायला आणखी पंचवीस वर्षे गेली. शोनबाइन यांना आधी वाटले की हे क्लोरीनच्या जातकुळीतले एखादे नवे मूलद्रव्य असावे. जिनिव्हात दे ला रीव्ह आणि मारिन्याक यांनी कोरड्या, शुद्ध ऑक्सिजनमधून ठिणग्या सोडून ओझोन बनवून दाखवला आणि तो ऑक्सिजनचाच अवतार आहे हे उघड केले. एका रेणूत ऑक्सिजनचे दोनऐवजी तीन अणू, हे स्वित्झर्लंडच्याच सोरे यांनी १८६५ नंतर सिद्ध केले. शोनबाइन स्वतः या साध्या हिशेबाशी कधीच पुरते जुळवून घेऊ शकले नाहीत. ऑक्सिजनची विरुद्ध गुणांची दोन रूपे असतात, एक ओझोन आणि दुसरे प्रतिओझोन, ही आपली कल्पना ते शेवटपर्यंत कवटाळून बसले. इतका तल्लख निरीक्षक आणि सिद्धांत मात्र असा लंगडा! विज्ञानात असे होते.

त्यांच्या हातचे खरे बळ दुसरीकडे होते. ओझोन बनवायची अगदी सोपी रीत त्यांना सापडली. एका मोठ्या बरणीत थोडे पाणी, त्यात अर्धवट बुडालेला फॉस्फरसचा तुकडा, वर साधी हवा. फॉस्फरस सावकाश जळत राहतो आणि बरणी ओझोनने भरते. ना यंत्र, ना बॅटरी. आणि ओझोन ओळखायलाही त्यांनी तितकीच सोपी युक्ती काढली. पोटॅशियम आयोडाइड आणि खळ लावलेली कागदाची पट्टी ओझोन लागला की निळसर पडते. ओझोन जास्त तितका रंग गडद. ही पट्टी त्यांनी उघड्या हवेत टांगली, तर तीही हळूहळू निळी पडली. म्हणजे आपण रोज श्वासात घेतो त्या हवेतही हा वायू थोडाथोडा असावा.

आता विचार करा. एक प्राध्यापक, एक खोली, दिवसचे दिवस फॉस्फरसच्या बरण्या. धूर आणि वायू ओढून घेणारी कपाटे आजच्या प्रयोगशाळांत सक्तीची असतात, तेव्हा ती नव्हती. वायू तपासायचा म्हणजे बरणीचे झाकण काढून हुंगायचे, ही रीतच होती. मध्यंतरी शोनबाइन यांच्या हातून आणखी एक शोध लागला होता. १८४५-४६ मध्ये नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांत कापूस बुडवून त्यांनी स्फोटक कापूस तयार केला. सांडलेले आम्ल त्यांनी बायकोच्या सुती एप्रनने पुसले, एप्रन शेगडीवर वाळत घातले आणि ते भपकन नाहीसे झाले, ही कथा लोकांना फार आवडते. दंतकथाच असावी ती. कापसाची सत्यकथा अधिक दुःखाची आहे. इंग्लंडमध्ये फॅव्हरशॅम इथे तो बनवणाऱ्या कारखान्यात जुलै १८४७ मध्ये स्फोट होऊन सुमारे वीस माणसे मेली. प्रयोगशाळेत निरुपद्रवी दिसणारी वस्तू माणसांच्या वाट्याला कशी येते, याचा धडा शोनबाइन यांना त्या कापसाने दिला होता. ओझोनने दिलेला धडा त्यांच्या स्वतःच्या अंगावर उमटला.

ओझोनवर सलग काम करताना त्यांना छातीत दुखू लागले. श्वास पुरता आत घेता येईना, दमा असल्यासारखे वाटू लागले, जोडीला जोराचा खोकला. इतका, की काही काळ त्यांना काम थांबवावे लागले. ते धडधाकट गृहस्थ होते, पन्नाशीच्या आतबाहेरचे. थंडी बाधली असेल असे म्हणून हे सोडून देता आले असते. त्यांनी तसे केले नाही. हा त्रास ओझोन हुंगण्याशी जोडलेला आहे असे त्यांनी ओळखले, लहान प्राण्यांना ओझोन मिसळलेल्या हवेत ठेवून पाहिले तर ते मेले, आणि १८५१ मध्ये लंडनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात हे सारे प्रसिद्ध केले. ओझोन निरोगी फुफ्फुसांना काय करतो याच्या पहिल्या लेखी नोंदींपैकी ही एक.

इथे थोडे थांबून ही लक्षणे आजच्या डोळ्यांनी पाहू, कारण ती चकित व्हावे इतकी अचूक आहेत. बहुतेक झोंबरे वायू पाण्यात पटकन विरघळतात. सल्फर डायऑक्साइड घ्या. तो नाकाच्या आणि घशाच्या ओलाव्यातच बराचसा अडकतो. ओझोन पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून तो दारातल्या पहारेकऱ्यांना चुकवून थेट खोल, बारीक श्वासनलिकांपर्यंत पोचतो. तिथे फुफ्फुसाच्या आतल्या पातळ द्रवातल्या स्निग्ध पदार्थांशी त्याची क्रिया होते. त्यातून निघालेली द्रव्ये तिथल्या मज्जातंतूंच्या टोकांना डिवचतात. खोकला येतो, छातीच्या मध्ये हाडामागे दुखते, आणि मुख्य म्हणजे खोल श्वास घ्यायला गेले की शरीरच तो मध्ये तोडते. श्वासनलिका आवळल्या गेल्या म्हणून दम लागतो तो प्रकार यात थोडाच असतो. पुरा श्वास घेऊच न देणे हे यातले मुख्य. शोनबाइन यांना नेमके तेच झाले होते.

हे सगळे मोजून सिद्ध व्हायला मात्र विसावे शतक उलटत आले. लॉस एंजेलिसमध्ये १९४०च्या दशकात डोळे चुरचुरवणारे धुरके पडू लागले. त्यात ओझोन आहे, आणि तो कुठल्या धुराड्यातून येत नाही, तर वाहनांचा आणि तेलकारखान्यांचा धूर उन्हात शिजून हवेतच तयार होतो, हे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवले. आधी ते अननसाच्या स्वादावर काम करत होते. तेव्हा हेही नाकाचेच काम! मग प्रश्न आला, की एवढ्या ओझोनने धडधाकट माणसाला काय होते? १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात डेव्हिड बेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांना बंद खोलीत बसवून मोजून-मापून ओझोन दिला. दोन तास, मधूनमधून व्यायाम. दहा लाख भाग हवेत पाऊण भाग किंवा त्याच्या निम्मा ओझोन होता. स्वयंसेवकांनी जोरात फुंकर मारून पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर टाकली हे मोजले, तर ती घटलेली होती.

पुढची पायरी अमेरिकेतल्या चॅपल हिल इथल्या सरकारी प्रयोगशाळेची. तिथल्या संशोधकांनी प्रश्न असा घातला, की दिवसभर उघड्यावर कष्ट करणाऱ्या माणसाचे काय? त्यांनी स्वयंसेवकांना ५० मिनिटे व्यायाम, १० मिनिटे विश्रांती असे सहा वेळा करायला लावले. मध्ये ३५ मिनिटे जेवणाची सुट्टी. एकूण सहा तास पस्तीस मिनिटे. ओझोन फक्त ०.१२ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एक अष्टमांश भागाहूनही किंचित कमी. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिवसाअखेर पहिल्या सेकंदातली फुंकर सरासरी सुमारे १३ टक्क्यांनी कमी झाली होती. नंतर हाच दिनक्रम ०.०८ पीपीएमवर केला, तरी सुमारे ७ टक्के घट निघाली. ही सगळी तरणीबांड, दम्याचा इतिहास नसलेली माणसे. गंमत अशी की सगळ्यांना सारखा त्रास होत नाही. त्याच खोलीत, तेवढाच व्यायाम करून एकाच्या फुंकरीत फरक पडत नाही आणि शेजारच्याचा श्वास निम्म्यावर अडखळतो. असे का, याचे पुरते उत्तर अजून हाती नाही. वय वाढते तसा हा फुंकरीतला फरक कमी होतो, एवढे नक्की दिसते.

याच प्रयोगशाळेत काही स्वयंसेवकांना दोन तास ०.४ पीपीएम ओझोन दिल्यानंतर १८ तासांनी त्यांच्या फुफ्फुसात नळी घालून आतला भाग मिठाच्या पाण्याने धुवून घेतला. त्या पाण्यात सूज आल्यावर धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी सुमारे आठपट निघाल्या. म्हणजे खोकला थांबला, माणूस घरी जाऊन झोपला, तरी आत दुखापतीवरची धावपळ चालूच असते. आणखी एक विचित्र गोष्ट. रोज ओझोन दिला तर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून खोकला आणि श्वासाचा अडथळा कमी होत जातो. लॉस एंजेलिसच्या रहिवाशांना बाहेरून आलेल्यांपेक्षा कमी त्रास होतो, असे तिथल्या संशोधकांना आढळले होते. सवय झाली म्हणायची का? फुंकर सुधारली म्हणजे आतली इजा थांबली असे मात्र नाही.

बासलकडे परत जाऊ. शोनबाइन यांना हे काहीच ठाऊक असणे शक्य नव्हते, पण प्रश्न त्यांना बरोबर सुचला. प्रयोगशाळेतला ओझोन जर छातीला असा झोंबतो, तर मोकळ्या हवेतला ओझोन वाढला की गावात पडसे-खोकला वाढतो का? त्यांनी आपल्या कागदी पट्ट्यांची नोंद ठेवली, बासलच्या डॉक्टरांकडून पडशाच्या रुग्णांची माहिती मागवली आणि दोन्ही ताडून पाहिले. त्यांना संबंध दिसला. आज आपण म्हणू, की हिवाळा, बर्फ, दमट हवा यांचा परिणाम पट्ट्यांवरही होतो आणि पडशावरही, तेव्हा या ताळ्याला फार अर्थ नाही. खरे आहे. पण शहराच्या हवेतला एक वायू मोजायचा आणि दवाखान्यातल्या रुग्णांच्या आकड्याशेजारी तो मांडायचा, ही कल्पना १८५०च्या आसपासची आहे हे लक्षात घ्या. आज प्रदूषणाचे परिणाम शोधणारे संशोधक मूळ धागा तोच धरतात.

मात्र त्याच माणसाच्या डोक्यात दुसराही विचार होता, आणि लोकांनी तोच उचलला. त्या काळी रोग दूषित, कुजट हवेतून येतात असे मानले जाई. जंतूंची कल्पना अजून रुजायची होती. युरोपात पटकीच्या साथी येत होत्या. ओझोन सडक्या मांसाची दुर्गंधी घालवतो, हे शोनबाइन यांनी प्रयोगाने पाहिले होते. मग निसर्गाने हवा शुद्ध ठेवायलाच ओझोन योजला असेल, असे त्यांना वाटणे साहजिक होते. जिथे ओझोन कमी तिथे साथ, जिथे पुरेसा तिथे आरोग्य. झाले! गावोगावी त्यांच्या पट्ट्या टांगल्या जाऊ लागल्या. पट्टी एका ठरावीक वेळेपुरती सावलीत लटकवायची, मग पाण्यात बुडवून तिचा रंग दहा अंशांच्या रंगपट्टीशी ताडायचा. डॉक्टर, शिक्षक, वेधशाळेतली माणसे हे काम हौसेने करत. युरोपभर आणि त्याबाहेरही शेकडो ठिकाणी अशा नोंदी झाल्या.

पुढे समुद्रकिनाऱ्याच्या आणि डोंगरावरच्या हवापालटाच्या गावांनी आपल्याकडे ओझोन कसा भरपूर आहे याच्या जाहिराती केल्या. ओझोनयुक्त पाणी, ओझोनची हवा, ओझोन हुंगवणारी यंत्रे विकली जाऊ लागली. क्षयाने खंगलेल्यांना ओझोन हुंगायला देण्यापर्यंत मजल गेली. ज्या वायूने शोधकर्त्याला काही काळ कामापासून दूर ठेवले, तोच वायू मुद्दाम खोल श्वास घेऊन छातीत भरायला लोक पैसे मोजू लागले. एडिंबरात ड्यूअर आणि मॅकेन्ड्रिक यांनी १८७०च्या दशकात प्राण्यांवर आणि स्वतःवर प्रयोग करून ओझोन श्वासमार्गाला झोंबतो हे पुन्हा दाखवले, पण धंदा तेजीत असला की असल्या निरीक्षणांना कोण विचारतो?

शोनबाइन यांनी ही फसवणूक केली असे म्हणता येणार नाही. त्यांची चूक प्रमाणाच्या हिशेबाची होती. जो वायू दुर्गंधीच्या द्रव्यांना तोडतो, तोच फुफ्फुसाच्या अस्तरालाही तोडणार. ओझोनला यातले कोणते नको हे निवडता येत नाही. जंतूंना मारण्याइतका ओझोन हवेत सोडला, तर त्या हवेत माणसाने बसू नये. पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरणात ओझोन आज सर्रास वापरतात ते यामुळेच चालते, की तिथे तो बंद टाकीत असतो, छातीत नसतो. शोनबाइन यांच्याकडे दोन्ही निरीक्षणे होती, शेजारी-शेजारी लिहिलेली होती. ती जोडणारा आकडा त्यांच्या पट्टीवर नव्हता.

बासलमधल्या त्यांच्या आयुष्यात फार खळबळ नव्हती. व्याख्याने, नगराच्या प्रतिनिधिसभेचे काम, लीबिग आणि व्योलर यांच्यासारख्या रसायनशास्त्रातल्या दिग्गजांशी मैत्री, फॅरडेंना पत्रे. माणूस मोठा गप्पिष्ट आणि खाण्यापिण्याचा शौकीन होता. त्यांच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास लेख आहेत आणि त्यांतले बरेचसे ओझोनभोवती फिरतात. फॅरडे १८६७ च्या ऑगस्टमध्ये गेले. बरोबर वर्षाने, २९ ऑगस्ट १८६८ रोजी, बाडेन-बाडेनजवळ मित्राकडे मुक्कामी असताना शोनबाइन यांचे निधन झाले. त्यांना बासलमध्ये आणून दफन करण्यात आले.

त्यांच्या कागदी पट्ट्या मात्र पुढच्या संशोधकांनी बाद ठरवल्या. हवा दमट असली तर रंग वेगळा, वारा असला तर वेगळा. पण त्यांनी लावलेले मोजण्याचे वेड टिकले. पॅरिसच्या कडेला मोंसुरी बागेतल्या वेधशाळेत १८७६ पासून १९१० पर्यंत दररोज हवेतला ओझोन अधिक भरवशाच्या रासायनिक पद्धतीने मोजला गेला. ती पद्धत १९८० च्या दशकात फोल्त्स आणि क्ले या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी जशीच्या तशी पुन्हा उभी करून तपासली. त्यांच्या हिशेबाने तेव्हा तिथल्या हवेत ओझोन सरासरी एक अब्ज भागांत दहाच्या आसपास होता. आज युरोपातल्या गावाकडच्या स्वच्छ हवेतही तो त्याच्या दुपटीहून अधिक असतो. वरच्या आकाशातला ओझोनचा थर अतिनील किरण अडवतो आणि तो हवाच. ही सारी चर्चा आपल्या नाकासमोरच्या ओझोनची आहे.

आपल्याकडे या ओझोनसाठी २००९ पासूनची राष्ट्रीय मर्यादा आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आहे. चॅपल हिलमधल्या स्वयंसेवकांना ज्या ०.०८ पीपीएमने त्रास झाला, ते याच मापात सुमारे १६० मायक्रोग्रॅम होते. ओझोन उन्हात तयार होतो, म्हणून तो बहुधा दुपारी आणि उतरत्या दुपारी चढतो, सकाळी लवकर कमी असतो. उन्हाळ्यात धावायला, सायकल चालवायला जाणाऱ्यांनी वेळ निवडताना हे ध्यानात ठेवावे. धुळीसाठी नाकाला बांधायचा साधा मास्क तो अडवत नाही, कारण तो कण नव्हे, वायू आहे. आणि घरातली हवा ताजी करतो म्हणून ओझोन सोडणारे यंत्र कुणी विकायला आले, तर ते माणसे असलेल्या खोलीत लावू नये. बाहेरची असो वा घरातली, ओझोनच्या हवेत छातीच्या मध्ये दुखू लागले, खोल श्वास अर्ध्यावर तुटू लागला, खोकल्याची ढास लागली, तर तिथून निघून मोकळ्या, स्वच्छ हवेत जावे, आणि त्रास ओसरला नाही तर डॉक्टरांना दाखवावे.